न धुतलेला मुकटा

ग्वाल्हेरच्या खासगी बाजार या आमच्या वस्तीत पांडुरंगरावांना ओळखत नाही असा माणूस सापडणार नाही, आणि त्यांना शिवलेला माणूसही सापडणार नाही. मी त्यांची शेजारीण. आमच्या दोन गच्च्यांमध्ये कमरेएवढा कठडा आहे, आणि इतक्या वर्षांत त्या कठड्यावरून मी त्यांचा संसार जेवढा पाहिला तेवढा माझा स्वतःचाही पाहिला नसेल. सकाळी अंघोळ करून मुकटा नेसला की त्यांच्या तोंडून पहिलं वाक्य निघतं ते 'शिवू नकोस'. हे वाक्य बायकोसाठी असतं, मांजरासाठी असतं, दुधाच्या पिशवीसाठीही असतं.

त्यांचे पणजोबा दक्षिणेतून इकडे आले ते दरबारच्या मुदपाकखान्यात नैवेद्य रांधायला. पुढे दरबार गेला, मुदपाकखाना गेला, आणि पांडुरंगराव विजेची बिलं भरून घेणाऱ्या खिडकीमागे बसले. त्या खिडकीला बारीक जाळी होती, त्यामुळे त्यांची नोकरीही एका परीने सोवळ्यातच झाली. त्या दिवसांतलं घरात शिल्लक राहिलं ते दोनच गोष्टींच्या रूपात. एक म्हणजे श्रीखंड करण्याची रीत आणि दुसरा तो मुकटा.

मुकटा म्हणजे रेशमी धोतर. वडिलांनी काशीहून आणवलेला, एकेकाळी कुसुंबी, आता विटून कांद्याच्या सालीच्या रंगाचा. देवघरात वर उंच वळणीवर तो टांगलेला असतो. काठीने काढायचा, नेसायचा, काठीनेच परत टांगायचा. आणि त्या मुकट्याची थोरवी अशी, की त्याला आजवर धुण्याचं पाणी लागलेलं नाही. रेशमाला विटाळ नाही, रेशीम वाऱ्याने शुद्ध होतं, हे पांडुरंगराव येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. त्याच मुकट्यात त्यांनी वडिलांची सगळी श्राद्धं केली, गणपती बसवले, मुलीच्या लग्नात देवक बसवलं.

मला हे सोवळं कधी पटलं नाही, सांगून टाकते. ज्या घरांत ते कडक असे तिथे दारात कुणाला कुठवर येऊ द्यायचं हेही ठरलेलं असे, आणि आमच्या पिढीने ते डोळ्यांनी पाहिलंय. पांडुरंगरावांच्या बाजूने एवढंच म्हणेन की त्यांनी भेदभाव केला नाही. त्यांना सगळेच वर्ज्य, सख्ख्या भावासकट.

आता त्या न धुतलेल्या मुकट्याची खरी हकिगत. त्यांची बायको सुमनताई नवी नवरी म्हणून या घरात आली, तेव्हा पहिल्याच आठवड्यात मुकट्याच्या वासाने तिला मळमळलं. तिने भीत भीत सासूबाईंना विचारलं. सासूबाई म्हणाल्या, रेशमाला वास नसतो. सुमनताईने मान डोलावली आणि पुढच्याच आठवड्यात, घरात कुणी नसताना, मुकटा रिठ्याच्या पाण्यातून काढला. तेव्हापासून ती तो धुतेच आहे. आधी सणावारांच्या आगेमागे, आणि पांडुरंगराव रविवारच्या बाजारात श्रीखंड विकायला बसू लागल्यापासून दर सोमवारी.

सोमवार ठरला, कारण सोमवारी दुपारी पांडुरंगराव इंदरगंजला जात. तिथे त्यांच्या सूर्याजी नावाच्या मित्राचं औषधांचं दुकान आहे, तिथे बसून ते देशाचा कारभार हाकत आणि चहाच्या वेळेला परत येत. रविवारी रात्री सुमनताई रिठे भिजत घालायची आणि कुणी विचारलं तर केसांसाठी म्हणायची. तिच्या केसांना खरोखर एवढे रिठे लागत असते तर वेणी लांबच्या फूलबागेपर्यंत पोचली असती. मुकटा धुऊन झाला की तो कठड्यावरून माझ्याकडे येई. माझ्या गच्चीवर, जिन्याच्या खोलीच्या सावलीत, वरून माझी जुनी साडी पांघरून आम्ही तो वाळवायचो. मग जशाच्या तशा चुण्या घालून काठीने वळणीवर. परत येताना वाटेत कुणी गाडीवाला भेटून पांडुरंगराव लवकर आले तर काय, या धास्तीने सुमनताई सोमवारचं जेवण धड जेवत नसे.

तर असा हा मुकटा नेसून पांडुरंगराव दर रविवारी फूलबागेजवळच्या मैदानात श्रीखंड विकत. निवृत्तीनंतर घरात बसून त्यांनी सुमनताईला वर्षभर पळता भुई थोडी केली होती. मैदानात शेतकरी बाजार सुरू झाला तेव्हा मीच त्यांना तिथे बसवलं, कारण बाजाराच्या समितीत मीही होते. शाळेतून निवृत्त झालेल्या बाईला वेळच वेळ असतो, असा समितीचा समज होता.

बाजार म्हणाल तर छान. डबऱ्याकडून, भितरवारकडून भाजी येते, पेरू येतात, गूळ येतो, मुरैन्याची तीळगुळाची गजक येते. शहरातली मंडळी कापडी पिशव्या घेऊन येतात, 'केमिकल तो नहीं है ना' असं विचारतात आणि उत्तर ऐकता ऐकता प्रत्येक टोमॅटो अंगठ्याने दाबून बघतात. मटार सोलून खातात, सालं परत ढिगात टाकतात. गुळावर माशा बसतात, त्यांना हाताने हाकलून त्याच हाताने खडा तोंडात टाकतात आणि म्हणतात, खरा गावचा स्वाद. मेथी कुठल्या पाण्यात धुतली हे कुणी विचारत नाही, कारण ती हिरवीगार दिसते. बाजाराची खटपट करणारी गरिमा, तिशीच्या आतली, मोठी हुशार पोरगी, तिने सगळ्यांना प्लॅस्टिकचे हातमोजे वाटले. मग गजकवाला हातमोजे घालून गजक देऊ लागला, त्याच मोज्यांनी पैसे घेऊ लागला, त्याच मोज्यांनी कान खाजवून कुत्र्याला हाकलू लागला. हातमोजे चढवले की हात धुण्यातून सुटका झाली, असं सगळ्या बाजाराने मानलं. तेही एक सोवळंच म्हणायचं.

या सगळ्यात पांडुरंगराव शोभून दिसत. पाटावर बसलेले, पुढे कल्हई केलेलं पितळी पातेलं बर्फाच्या परातीत, वर झाकण. गिऱ्हाइकाने आपला डबा खाली ठेवायचा आणि दोन पावलं मागे सरायचं. मग ते पळीने वरून श्रीखंड सोडत, एक थेंब बाहेर पडत नसे. पूर्वी नाणी ते पाण्याच्या वाटीत टाकायला लावत. फोनवरून पैसे देण्याची सोय आली आणि पांडुरंगरावांचं आयुष्य सार्थकी लागलं. न शिवता पैसे घेता येतात, यापेक्षा मोठं सोवळं त्यांच्या पणजोबांनाही सुचलं नव्हतं. तो चौकोनी ठिपक्यांचा कागद त्यांनी काठीला बांधून गिऱ्हाइकांच्या बाजूला उभा केला होता. आणि त्यांचं नाक तर विचारू नका. दह्याच्या पातेल्यावर नाक नेलं की ते काल संध्याकाळचं की आज पहाटेचं हे सांगत. भितरवारहून दूध आणणारा दिग्विजयसिंह पोलिसाला भीत नसेल इतका त्या नाकाला भितो.

करोना येऊन गेल्यावर लोकांना लांब उभं राहण्याची गोडी लागली होती. कुणाला सोवळं माहीत नव्हतं, पण शिवत नाही हे दिसत होतं. गरिमाने पांडुरंगरावांचा छोटा व्हिडिओ काढून फोनवर फिरवला, खाली लिहिलं, 'हाइजीन सीखो तो अंकल से'. पुढच्या रविवारी रांग गजकवाल्याच्याही पलीकडे गेली. रांगेत अर्धे लोक आपल्या जुन्या मराठी घरांतले, त्यांना श्रीखंड सोवळ्यातलं हवं होतं. अर्धे नव्या वसाहतींतले, त्यांना स्वच्छ हवं होतं. दोघांनाही आपल्याला हवं ते मिळतंय असं वाटे. पांडुरंगरावांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. सुमनताई मात्र स्टॉलपासून लांब, माझ्याजवळ खुर्चीवर बसे, कारण नवरा सोवळ्यात असताना पातेल्याच्या आसपास फिरकायची तिला परवानगी नव्हती.

यंदा पाडव्याच्या दोन आठवडे आधी कळलं की बाजाराची तपासणी होणार. उघड्यावर खाण्याचे पदार्थ विकणाऱ्या प्रत्येक स्टॉलला स्वच्छतेचा दाखला लागणार आणि दाखला नसेल त्याला तपासणीनंतरच्या रविवारपासून बसता येणार नाही. तो रविवार म्हणजे पाडव्याआधीचा. त्या दिवशी लष्कर या आमच्या भागातलं प्रत्येक मराठी घर पांडुरंगरावांचंच श्रीखंड नेतं. गरिमा निर्धास्त होती. तिने साहेबांना सगळ्यात आधी अंकलकडेच न्यायचं ठरवलं, म्हणजे पुढच्या माशा जरा कमी दिसतील.

त्याआधीच्या रविवारी निरीक्षक आले ते संग्रामसिंह नावाचे. मराठा घरातले, पिढ्यान्पिढ्या लष्करचे, मराठी येतं पण चार शब्दांनंतर हिंदीत घसरतं. माणूस सरळ. त्यांनी पाणी पाहिलं, बर्फ पाहिला, पातेल्यात तापमापक घातला, पांडुरंगरावांची नखं पाहिली. सगळं चोख. गरिमा माझ्याकडे बघून हसली. मग संग्रामसिंहांनी सहज विचारलं, हे रेशमी वस्त्र नेसून तुम्ही पदार्थ करता, तर ते शेवटचं कधी धुतलं?

पांडुरंगराव पाटावर ताठ झाले. हा प्रश्न कुणी विचारावा म्हणून ते जणू जन्मभर थांबले होते.

"धुतलं?" ते म्हणाले. "साहेब, हा मुकटा आहे. आमच्या वडिलांचा. याला आजतागायत धुण्याचं पाणी लागलेलं नाही."

रांगेतल्या जुन्या मंडळींनी कौतुकाने माना हलवल्या. नव्या वसाहतींतल्या दोन बायकांनी डब्यांची झाकणं हळूच लावली. गरिमाला ही मोठी स्तुतीची गोष्ट वाटली असावी, तिने साहेबांना समजावलं, "मतलब सर, ड्रायक्लीन." पांडुरंगरावांनी तेही खोडून काढलं. वारा लागतो तेवढा पुरे, असं त्यांनी खणखणीत सांगितलं.

मी सुमनताईकडे बघितलं. तिने पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं होतं आणि नजर जमिनीला लावली होती. तिथल्या तिथे दोन शब्द बोलली असती तर दाखला मिळाला असता. पण त्या दोन शब्दांत नवऱ्याचं सगळं सोवळं, सासऱ्यांची सगळी श्राद्धं आणि मुलीच्या लग्नातलं देवक वाहून जाणार होतं.

संग्रामसिंहांना वाईट वाटलेलं दिसत होतं. "काका, मी पण लष्करचाच आहे," ते म्हणाले. "आमच्या आजीकडे पण हेच होतं. पण रूल तो रूल आहे ना. एक तर हे धुवा, नाही तर धुतलेलं सुती काही नेसा. शुक्रवारी मी घरचं किचन बघायला येणार आहे, तब तक सोच लो." पांडुरंगरावांनी उत्तर दिलं की सुती नेसून केलेलं श्रीखंड हलवायाकडे मिळतं, आणि धुतलेला मुकटा हा मुकटा नसून नुसता कपडा. मग त्यांनी पातेल्यावर झाकण ठेवलं आणि त्या दिवसापुरती विक्री बंद केली.

दुसऱ्या दिवशी सोमवार. रिठे भिजलेले, मी गच्ची झाडून ठेवलेली. आणि पांडुरंगराव घरातून हललेच नाहीत. देवघराच्या दाराशी पाट टाकून बसले, वर मुकटा, खाली ते. सुमनताईने दोनदा आठवण करून दिली की सूर्याजी वाट बघत असेल. ते म्हणाले, बघू दे. मंगळवारीही तेच, बुधवारीही तेच. चैत्राच्या तोंडावरचं ग्वाल्हेरचं ऊन तुम्हाला ठाऊक असेल. रविवारी मुकट्यावर चक्क्याचं पाणी सांडलं होतं, ते आता बोलू लागलं. गुरुवारपर्यंत त्याचा आंबूस वास कठड्यावरून माझ्याकडे यायला लागला. पांडुरंगराव बाजारात बसू लागल्यापासून तो मुकटा खऱ्या अर्थाने न धुतलेला राहिला असेल तर तो याच एका आठवड्यात, ज्या आठवड्यात तो स्वच्छ असायला हवा होता.

मी सुमनताईला म्हटलं की आता सांगून टाक. एवढी ऑर्डर आहे, त्यांचा रविवार आहे, तो गेला तर हा माणूस घरात बसून तुलाही खाईल आणि स्वतःलाही. मला राग येत होता, तिचाही आणि त्यांचाही. तिने भाजी चिरता चिरता मला उत्तर दिलं.

"मंजिरी, त्यांना कळलं तर ते माझ्या हातचं पाणी पिणार नाहीत," ती म्हणाली. "स्टॉल गेला तर महिनाभर रुसतील. हे कळलं तर जन्मभर."

शुक्रवारी दुपारी संग्रामसिंह आले. मला सुमनताईने मुद्दाम बोलावून घेतलं होतं. पांडुरंगरावांनी साहेबांना खुर्ची दिली, स्वतः लांब उभे राहिले. स्वयंपाकघर पाहून झालं, त्यात नावं ठेवायला जागा नव्हती. मग सगळे देवघराच्या दाराशी आले आणि वरून तो वास आला. संग्रामसिंहांनी रुमाल काढला, पण नाकाला न लावता खिशात परत ठेवला. एवढी रीत त्यांना होती.

"काय ठरलं, काका?" त्यांनी विचारलं.

पांडुरंगराव म्हणाले, काही ठरायचं नाही. मुकटा धुतला जाणार नाही, आणि मुकट्याशिवाय श्रीखंड होणार नाही. दिग्विजयसिंहाला दूध आणू नको म्हणून ते संध्याकाळी सांगणार होते. आज विरजण लावलं नाही तर रविवारी विकायला काही उरणार नव्हतं, आणि हे सांगताना त्यांचा आवाज पहिल्यासारखा खणखणीत नव्हता. त्यांच्या हनुवटीवर दाढीचे पांढरे खुंट वाढले होते. मला तो माणूस एकदम म्हातारा दिसला.

बहुतेक सुमनताईलाही तो तसाच दिसला असावा. ती पुढे झाली.

"साहेब, तो धुतलेला असतो," ती म्हणाली. "मी धुते. दर सोमवारी, रिठ्याने. हिच्या गच्चीवर वाळवते. लग्न झाल्यापासून धुते. या सोमवारी नाही जमलं, कारण हे घरातून हलले नाहीत."

संग्रामसिंह माझ्याकडे बघू लागले, तेव्हा मी मान हलवून साक्ष दिली. सुमनताई नवऱ्याकडे बघत नव्हती. ती भिंतीला पाठ टेकून, शिक्षा ऐकायला उभ्या राहिलेल्या माणसासारखी उभी होती. पांडुरंगरावांनी वर वळणीकडे पाहिलं, मग खाली पाहिलं.

"माहीत आहे मला," ते म्हणाले.

सुमनताईला आधी ते समजलंच नाही. तिने विचारलं, काय माहीत आहे? पांडुरंगरावांनी घसा साफ केला. आंबलेलं दही तीन घरांपलीकडून ओळखणाऱ्या नाकाला, अंगाला लपेटलेल्या मुकट्यातला रिठा कळणार नाही असं तुला वाटलंच कसं, असं त्यांनी उलट तिलाच विचारलं. त्यांना पहिल्या वर्षापासून माहीत होतं.

"आणि सूर्याजीचं दुकान सोमवारी बंद असतं," ते हळूच म्हणाले. "मी फूलबागेत बाकावर बसतो. चहाची वेळ होईस्तोवर."

उन्हाळ्यात, थंडीत, हा माणूस दर सोमवारी बागेतल्या बाकावर बसून बायकोला मुकटा धुवायला वेळ देत होता, आणि इकडे आम्ही दोघी साडीखाली तो लपवून जिन्याकडे कान लावून बसत होतो. मग या सोमवारी का गेला नाहीत, हे मीच विचारलं. त्यावर त्यांचं उत्तर तयार होतं. या सोमवारी गेलो असतो, तर साहेबांनी सांगितलं म्हणून मी धुवायला दिला असं झालं असतं. इतके दिवस मी दिला नव्हता, तो आपोआप धुतला जात होता. हा फरक त्यांना इतका स्पष्ट दिसत होता की आम्हाला दिसत नाही याचं त्यांना नवल वाटलं.

"मग बोलला का नाहीत?" सुमनताईने विचारलं. तिचा आवाज इतका शांत होता की संग्रामसिंहांनी जाण्यासाठी उचललेलं पाऊल तिथेच ठेवलं.

"बोललो असतो तर तुला धुणं बंद करावं लागलं असतं," ते म्हणाले. "नाही तर मला सोवळं."

हे ते प्रेमानेच म्हणाले, माझी खात्री आहे. आपण किती समजूतदारपणे संसार केला, हे आता तिला कळेल आणि ती हसेल, अशी त्यांची अपेक्षा असावी. मलाही हसू येणारच होतं. पण सुमनताई हसली नाही. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते दुःखाचं नव्हतं, रागाचं होतं.

"सोमवारी माझ्या घशाखाली घास उतरत नसे," ती म्हणाली. "श्राद्धाच्या दिवशी मी देवाची माफी मागायची. म्हणजे पाप माझ्या नावावर, आणि कोरं सोवळं तुमच्या."

सुमनताईने काठी घेतली, वळणीवरून मुकटा खाली काढला, आणि काठीचा उपयोग तिथेच संपवून तो हातात घेऊन नवऱ्याच्या हातात दिला. रिठे मोरीत भिजलेले आहेत, ती म्हणाली, आता तुम्ही धुवा. मग संग्रामसिंहांकडे वळून तिने चहा घेणार का विचारलं, आणि त्यांनी हो म्हटलं, कारण नाही म्हणायची त्या वेळी कुणाची छाती नव्हती.

दरबारी मुदपाकखान्याचा वारस अंगणातल्या दगडावर बसून मुकटा धुतोय, हे दृश्य मी माझ्या गच्चीवर जाऊन कठड्यावरून मनसोक्त पाहिलं. त्यांनी रिठ्याचं पाणी एवढं ओतलं की फेस तुळशीपर्यंत गेला. रेशीम पिळायचं नसतं हे त्यांना माहीत नव्हतं, त्यांनी ते पोतेऱ्यासारखं पिळलं. किती वेळ ठेवायचा, पाणी किती वेळा बदलायचं, हे ते ओरडून विचारत होते. सुमनताई पायरीवर बसून साहेबांबरोबर चहा पीत होती आणि एकाही प्रश्नाचं उत्तर देत नव्हती. शेवटी ते मुकटा घेऊन गच्चीवर आले आणि कठड्याशी उभे राहून माझ्याकडे बघू लागले. मी म्हटलं, आता तुमच्याच गच्चीवर वाळवा, आता लपवायचं काय राहिलंय. त्यांनी तो भर उन्हात टाकला, त्यामुळे त्याचा उरलासुरला रंगही गेला. संध्याकाळी दूध आलं, विरजण लागलं, आणि संग्रामसिंहांनी दाखला दिला.

रविवारी पांडुरंगराव पाटावर बसले तेव्हा मुकट्याला शंभर सुरकुत्या होत्या आणि रिठ्याचा वास रांगेच्या शेवटपर्यंत येत होता. गरिमाला तो वास फार आवडला, तिने नवा व्हिडिओ काढला. नव्या वसाहतींतल्या त्या दोघी डबे घेऊन परत आल्या. पुढे उभ्या असलेल्या एका जुन्या आजींनी मात्र डोळे बारीक करून मुकट्याकडे पाहिलं आणि विचारलं, श्रीखंड सोवळ्यातलंच आहे ना?

पांडुरंगराव काही बोलायच्या आत सुमनताई माझ्याशेजारच्या खुर्चीवरून उठली. संसाराची इतकी वर्षं ती ज्या पातेल्याच्या वाऱ्याला उभी राहिली नव्हती, त्या पातेल्याशी जाऊन बसली आणि पळी घ्यायला हात पुढे केला. पांडुरंगरावांचे ओठ सवयीने हलले. 'शिवू नकोस' हे शब्द जिभेवर आलेले मला दिसले. ते त्यांनी गिळले. लांब हातमोज्यांची तपासणी करत असलेल्या संग्रामसिंहांकडे त्यांनी एकदा पाहिलं, मग बायकोच्या हाताकडे.

"हात धुतलेस का?" त्यांनी विचारलं.

"जन्मभर तेच करतेय," सुमनताई म्हणाली, आणि पळी घेऊन तिने आजींच्या डब्यात श्रीखंड घातलं.

आजींनी डबा तसाच हातात धरून थोडा विचार केला. मग झाकण लावलं, फोन काढला आणि पैसे किती झाले ते विचारलं.